तळहाताएवढं पापलेट घ्यावं की नाही?

सुरंगी_वळेसर

मूळची अलिबागकडची, आता डोंबिवलीत. रविवारी बाजारात गेले तर नेहमीच्या मावशींनी पाटीच्या तळातून एक वाटा काढला. दहा पापलेटं. "घे गो, तुझ्यासाठीच ठेवलाय. तीनशे दे." मोठ्या पापलेटाकडे नुसतं बघून पुढे जायचे दिवस आहेत, त्यात दहा पापलेटं तीनशेला! घेतली.

घरी मोरळीवर बसले तर एकेक एवढंसं की पोटाला चीर दिल्यावर बोट आत जाईना. पोटात काही नव्हतंच म्हणा. लेक शेजारी बसली होती, पाचवीत आहे. तिने कंपासपेटीतली पट्टी आणली आणि मोजायला लागली. अकरा, साडेअकरा, अकरा, बारा. सगळ्यात थोरलं साडेबारा सेंटिमीटर. (पट्टी न धुता तशीच पेटीत गेली. सोमवारी बाईंनी अख्ख्या बाकाला विचारलं, डबा सांडलाय का कुणाचा?)

आता मुद्दा. २०२३ च्या सप्टेंबरात आपल्या सरकारने रुपेरी पापलेटला राज्यमासा केलं. त्याच वर्षी ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवली, त्याहून लहान पकडायचं नाही. पापलेट साडेतेरा सेंमी, बोंबील १८, सुरमई ३७. म्हणजे माझ्या परातीत दहा बेकायदा राज्यमासे पडले होते.

तळले. चांगले लागले, खोटं कशाला बोलू. पण तेव्हापासून डोक्यात एकच किडा आहे. मी घेतले नसते तर मावशींनी ते फेकलेच असते ना? मेलेलं पिल्लू काही परत दर्यात जात नाही. मग न घेऊन नक्की काय होतं? आणि घेऊन काय होतं? जाणकारांनी सांगा. कोळी, मच्छीमार मंडळी इथे असतील तर त्यांनी आधी सांगा.

खादाड_बोका

लहान पापलेट म्हणजे कुरकुरीत, काट्यासकट चावून खाता येतं. मी तर मुद्दाम तेच घेतो. आता तुम्ही अपराधी वाटायला लावलंत. पुढचा धागा 'गाबोळी (माशाची अंडी) खावी का' असा काढू नका म्हणजे झालं. गाबोळीवर मी काही ऐकून घेणार नाही.

वलांडी

मी उत्तनचा. घरची डोल आहे, आजोबांपासून. सुरंगीताई, तुमची दहा पापलेटं बहुतेक आमच्यासारख्याच कुणाच्या डोलीतून आली असणार. म्हणून मीच सांगतो.

डोल म्हणजे एक लांबलचक पिशवी समजा. समुद्रात खुंट रोवून तिचं तोंड प्रवाहाकडे करून बांधायची. पाण्याला ओढ असेल तेव्हा पाणी जाळ्यात शिरतं, पाण्याबरोबर जे येईल ते मागच्या टोकाला साठतं. आम्ही माशामागे जात नाही, मासा आमच्याकडे येतो. म्हणून सगळे म्हणतात डोल गरीब, डोल पारंपरिक, डोलीने दर्याचं वाकडं होत नाही. मीही सभांमधून हेच बोललोय.

पण खरं सांगायचं तर डोलीचं मागचं टोक बारीक आसाचं, म्हणजे बारीक भोकांचं असतं, कारण आम्हाला जवळा हवा, करंदी हवी, मांदेली हवी. जवळा काही कोलंबीचं पिल्लू नव्हे, बरं का. शहरातल्या लोकांना तसं वाटतं. तो पूर्ण वाढलेलाच एवढा असतो. त्याला धरायचं तर आस बारीक लागणारच. आणि त्या आसातून पापलेटचं पिल्लू कसं निसटेल? काही दिवशी तर बोटाच्या पेराएवढी पापलेटं येतात, रुपयाच्या नाण्यासारखी. जाळं वर येईपर्यंत दाबाने मेलेली असतात. मी लहान होतो तेव्हा आई ती वेचून कालवणात टाकायची. विकायची पद्धत नव्हती, लाज वाटायची. आता त्यांचाही वाटा लागतो.

हे मी पहिल्यांदाच असं लिहून टाकतोय. माझ्या गावातल्या कुणी वाचलं तर शिव्या पडतील.

रापणीचो_दोर

वलांडी, तुमचा प्रामाणिकपणा मान्य. पण बारक्या माशावर चर्चा सुरू झाली की नेहमी लहान मच्छीमारालाच पिंजऱ्यात उभं करतात, हे आधी सांगून ठेवतो.

मी मालवणचा. आमची रापण. पहाटे होडी जाळं घेऊन अर्धगोल मारून येते, मग किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंचे दोर सगळ्यांनी मिळून ओढायचे. जो ओढेल त्याला वाटा. म्हातारा असो, सुट्टीला आलेला पोर असो. माझी शाळेची वह्या-पुस्तकं त्या वाट्यातून आली. आता कितीतरी वेळा अख्खी रापण ओढून येतात ती चार पेडवे नि दोन खेकडे. आमचे काका म्हणतात, "दर्यो तोच आसा, मासोच गावना नाय."

का गावत नाही? रात्री किनाऱ्यावर उभे राहा. समुद्रात शहर वसल्यासारखे दिवे दिसतात. जनरेटर लावून पाण्यावर, पाण्यात प्रकाश सोडायचा, मासा उजेडाला गोळा झाला की भोवती पर्ससीन जाळं टाकून तळाचा दोर आवळायचा. अख्खा थवा एका खेपेत. प्रकाशझोतातली मासेमारी केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्येच बंद केली. २०२१ साली राज्याचा १९८१ चा कायदा सुधारला, दंड पाच लाखांपासून वीस लाखांपर्यंत नेला. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनही फिरतायत. तरी दिवे दिसतात. तुमच्या पट्टीने मोजायचं असेल तर आधी तिकडे मोजा.

बंदरावरचा

पर्ससीनचं नाव निघालंच आहे तर दुसरी बाजूही येऊ दे. आमच्या घरची एक पर्ससीन बोट आहे, परवान्याची. गावाचं नाव सांगत नाही.

फेब्रुवारी २०१६ च्या आदेशानंतर आम्हाला हंगाम १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर. चार महिने. त्यात वादळं धरा. २०१९ ला ऐन ऑक्टोबरमध्ये क्यार आलं, त्याच्या पाठोपाठ महा. बोटी बंदरात, खलाशी बोटीवर बसून खातायत. आमचे बरेचसे खलाशी नेपाळचे, त्यांना हंगामाआधीच उचल द्यावी लागते, मासा मिळो न मिळो. बँकेचा हप्ता वादळ बघत नाही. अशात बांगड्याचा थवा दिसला तर आम्ही तो मोजून, लहान-मोठा निवडून काढायचा? पर्ससीनमध्ये थवा आला म्हणजे तो एकाच वयाचा असतो, सगळे मोठे नाहीतर सगळे लहान. आवळल्यावरच कळतं.

एलईडीवाल्यांचं समर्थन मी करत नाही. त्यांच्यामुळे परवानावाल्यांनाही लोक चोर म्हणतात. पण 'पर्ससीन म्हणजे राक्षस' हे जे चाललंय ना, त्यात तुमच्या ताटातला स्वस्त बांगडा कुठून येतो तेही बघा. रापणीवर मुंबईचं पोट भरत नाही.

रापणीचो_दोर

तुमच्या स्वस्त बांगड्यातला कितीसा ताटात जातो आणि कितीसा टेम्पोतून कुटीला, म्हणजे वाळवून भुगा करायला जातो, तेवढं सांगा मग बोलू.

बंदरावरचा

मऊ पडलेला, चेंगरलेला कुटीला जातो. बारकाही जातो. नाही म्हणत नाही.

जाळे_आणि_गाळे

मत्स्यशास्त्र शिकलोय, आता वेगळ्याच धंद्यात आहे, त्यामुळे कुणाचीही बाजू न घेता लिहू शकतो. दोन गोष्टी.

पहिली, किमान लांबी हा प्रकार काय? मासा एकदा तरी अंडी घालून मग सापडावा, एवढीच त्यामागची इच्छा. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने जातीगणिक मासे मोजून, पोट फाडून, किती लांबीला ते वयात येतात हे बघून आकडे सुचवले. केरळने २०१५ मध्येच सुरुवात केली, तारलीला १० सेंमी, बांगड्याला १४. केरळला घाई का होती ते तारलीच्या आकड्यांत दिसतं. २०१२ साली तिथे जवळजवळ ४ लाख टन तारली उतरली होती. २०२१ मध्ये ३,२९७ टन. टन हजारात बरं का, लाखात नाही. याला एकटी मासेमारी कारण नव्हती. एल निनो, पाण्याचं तापमान, तारलीचं खाद्य हे सगळं होतं. पण मासा आधीच अडचणीत असताना त्याची पिल्लं कुटीसाठी उपसली तर सावरायला उरतं कोण?

दुसरी गोष्ट जाळ्याची, कारण बंदरावरचा म्हणतात 'आवळल्यावरच कळतं'. पर्ससीनपुरतं ते बरोबर आहे. ट्रॉलला, म्हणजे बोटीमागे ओढायच्या जाळ्याला, मात्र उपाय आहे. घरातली कांद्याची जाळीदार पिशवी घ्या. दोन टोकांना धरून ताणा. भोकं बंद होऊन चिरा उरतात, बरोबर? ट्रॉल ओढताना त्याच्या शेपटाकडच्या खोळीचं हेच होतं. आस कागदावर कितीही मोठा असो, ताण आला की मिटतो. आता तीच जाळी अर्धा काटकोन फिरवून धरा, धागे ताणाच्या रेषेत आणि आडवे येतील अशी. भोक उघडं राहतं. त्यालाच चौकोनी आस म्हणतात. खोळीला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस लावायचा नियम आपल्याकडे आहे. खर्च बोटीच्या मानाने किरकोळ. लहान मासा जिवंत असतानाच, पाण्यातच बाहेर पडतो. सुरंगीताईंचा प्रश्न होता, मेलेलं पिल्लू परत जात नाही मग काय उपयोग. तर खरी गाळणी पाण्यातच लागायला हवी, बाजारात नाही.

मग सगळे लावत का नाहीत? कारण पिल्लांबरोबर मांदेली, करंदी, बारकी माकुळंही बाहेर पडतात, आणि त्यांचे रोजचे पैसे येतात. त्या बारक्या मासळीला गिऱ्हाईक आहे तोवर चौकोनी आस हा बोटवाल्या नाखव्याला तोट्याचाच वाटणार.

खादाड_बोका

कांद्याची पिशवी ताणून बघितली. बायको विचारतेय काय चाललंय. पण पटलं.

कुवेतची_सर्वे

इथे पापलेटला झुबैदी म्हणतात आणि कुवेती माणूस त्यासाठी आपल्यापेक्षा वेडा आहे. भाव ऐकाल तर डोंबिवली स्वस्त वाटेल. उन्हाळ्यात साधारण दीड महिना झुबैदी पकडायला बंदी असते, तो अंडी घालतो म्हणून. बंदी उठली की पहिल्या दिवशी बाजारात जत्रा. आमच्याकडची नारळी पौर्णिमा आठवते अगदी.

माझी आजी म्हणायची, आखाडात मासळी खाऊ नये, ती पोटुशी असते. आता आपल्याकडे पश्चिम किनाऱ्याला १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी आहे यांत्रिक बोटींना. पूर्वी नारळी पौर्णिमेशी जुळणारी होती. कितीतरी मच्छीमार संघटनाच मागतात की १५ ऑगस्टपर्यंत न्या. म्हणजे मच्छीमारच सांगतोय, आणखी थांबतो. हे शहरातल्या लोकांना माहीतच नसतं.

मुठेकाठी

मला एक साधा प्रश्न. समुद्रात मासे संपतायत तर तळ्यात का वाढवत नाही? कोंबड्या पाळतो तसं. मग पापलेटचं एवढं रडगाणं कशाला?

जाळे_आणि_गाळे

रुपेरी पापलेट आपल्याकडे तळ्यात वाढवून बाजारात आलेलं नाही. पुण्यात 'तळ्यातलं पापलेट' म्हणून मिळतं ते रूपचंद, मूळ दक्षिण अमेरिकेतलं, दात बघा त्याचे, पिरान्हाचा चुलतभाऊ. दुसरा गोंधळ पोम्पॅनोचा. तो खाऱ्या पाण्यात वाढवता येतो, त्याचं बीज २०११ पासून आपल्याकडे तयार होतं, चवीला चांगला आहे. पण तो पापलेट नव्हे. आणि हॉटेलातला बिनकाट्याचा पांढराशुभ्र तुकडा बहुतेक वेळा बासा असतो, मेन्यूत काहीही लिहिलेलं असो.

कोंबडीला मका चालतो. कोलंबी नि शिकारी माशांच्या खाद्यात मासळीची कुटी घालावी लागते. कुटी कशाची? वर बंदरावरच्यांनी सांगितलंच. म्हणजे एका बाजूने पिल्लं उपसून दुसऱ्या बाजूला मासे वाढवायचे. रोहू, कटला, मृगळ यांचं तसं नाही, ते शेवाळ-कोंडा-पेंडीवर वाढतात. शेतीच करायची तर ती आधी.

भिगवणकर

कटल्याचं नाव काढलंत म्हणून. आमच्या उजनीत पूर्वी काय काय मासा होता ते बाप सांगतो. आता पाटी उघडली की चिलापी, चिलापी आणि चिलापी. त्यात वडाप मारणारे आहेत, कापडासारख्या बारीक जाळ्याने बोटाएवढी पिल्लं पोत्याने काढतात. तुमच्या पापलेटाला निदान राज्यमासा म्हणून मान तरी आहे. आमच्या मरळ-वामीला कोण विचारतं?

खारेपाटातला

शेतीवर मीही दोन ओळी टाकतो, कारण सुरंगीताईंचं माहेर आमच्याकडचं. आमच्या अलिबाग-पेणच्या खारेपाटात घरटी तळं आहे. भाताच्या शेताला लागून, बांध घालून. आत जिताडा. पावसाळ्यात खाडीतून बोटाएवढी पिल्लं आणून सोडायची. पहिल्या वर्षी काही दिसत नाही. दुसऱ्या वर्षी संध्याकाळी तळ्यावर 'डुब्' असा आवाज येतो, तो जिताड्याने खालून मासा ओढल्याचा. आमचा म्हातारा त्या आवाजावरून वजन सांगायचा, अर्धा किलो इकडेतिकडे. जिताडा विकायला काढतात त्याहून जास्त भेट द्यायला काढतात. जावई, डॉक्टर, आणि ज्या कचेरीत काम अडलंय तिथले साहेब. पुढचं तुम्ही समजून घ्या.

कुटी-बिटी काही नाही. तळ्यात चिलापी आपोआप वाढते, जिताडा ती खातो. पण एक गोष्ट मला फार उशिरा कळली. जिताडा जन्मतो नर आणि मोठा झाला की मादी होतो. म्हणजे खाडीतला आठ-दहा किलोचा जिताडा पकडून फोटो काढतो ना आपण, ती बहुतेक आजीबाई असते, लाखांनी अंडी घालणारी. आणि आमच्या तळ्यात वाढलेला अंडी घालतच नाही, त्याला त्यासाठी समुद्राचं पाणी लागतं. पिल्लं दरवर्षी खाडीतूनच. चेन्नईच्या निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ मध्ये त्याचं प्रजनन करून दाखवलंय, तामिळनाडूतून बीज येतंही. पण आमच्याकडे अजून बरेचजण खाडीवरच अवलंबून. अलीकडे पाऊस लागला तरी पाच पिल्लांसाठी रात्रभर फिरावं लागतं. तळी वाढली, पिल्लं कमी झाली. आमची शेती निर्मळ, असं मी छातीठोक सांगू शकत नाही.

मांडवीपलीकडे

गोव्यात खाजन शेती आहे ना, तीच गत. भरतीचं पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून आत, ओहोटीला बाहेर, बाहेर जाताना जाळ्यात मासे-कोलंबी. पावसाळ्यात भात. शेकडो वर्षं चाललं. मग मानशीच्या लिलावाची रक्कम भातापेक्षा मोठी झाली आणि बांध 'आपोआप' फुटायला लागले. खारं पाणी बारमाही आत. मासे खूप, भात शून्य. फुटलेला बांध बघायला कुणी रात्री जात नाही.

मुठेकाठी

बरं बरं. मी आपलं विचारलं.

थाळीवाला

वाचतोय केव्हापासून. लिहू की नको असं चाललं होतं. माझी मालवणी खानावळ आहे, ठाणे जिल्ह्यात. इथे कुणी हे बोललं नाही म्हणून मीच बोलतो.

'पापलेट थाळी' म्हटल्यावर गिऱ्हाइकाला ताटात अख्खं पापलेट लागतं. डोकं-शेपूट असलेलं. तुकडी दिली तर तोंड वाकडं, "हे काय, अर्धंच?" आता थाळीचा दर जो आहे त्यात अख्खं मोठं पापलेट बसतच नाही. मग बसतं कोणतं? ताटाच्या वाटीशेजारी मावेल असं. सुरंगीताईंच्या परातीतलं. मी व्यापाऱ्याला फोनवर वजन सांगत नाही, 'थाळी साईज' सांगतो. त्याला बरोबर कळतं. त्याला कळतं म्हणजे बंदरावर कळतं, बंदरावर कळतं म्हणजे नाखव्याला कळतं. बारक्या पापलेटाला भाव आला तो असा. वलांडी म्हणाले ना, पूर्वी वाटा लागत नव्हता, लाज वाटायची. ती लाज आम्ही पैसे देऊन घालवली.

वलांडी

थाळीवाले, तुम्ही माझ्या मनातलं बोललात. आमच्याकडे लिलावात आधी मोठा माल जायचा, बारका शेवटी, ढिगाने. गेली काही वर्षं बारक्याची विचारणा आधी होते.

कोळ्याची_पोर

सगळ्यांचं वाचलं. माझी आई बाजारात बसते, पस्तीस वर्षं. पहाटे तीनला भाऊच्या धक्क्यावर जाऊन माल घेते, लोकलच्या लगेज डब्यातून आणते. तिथे लिलावात ढीग मिळतो, निवडून मिळत नाही. वर चार मोठे, खाली बारके. ती बोट बघत नाही, जाळं बघत नाही, आस किती ते तिला कोण सांगणार? पण उद्या तपासणी आली तर पट्टी कोणाच्या पाटीवर लागेल? धक्क्यावर बोटीच्या बोटी उतरताना तिथे की आईच्या पाटीवर?

"आम्ही लहान मासा घेणार नाही" म्हणायला सोपं आहे. तुम्ही वाटा नाकारलात की तो तिच्या अंगावर पडतो, बोटवाल्याच्या नाही. त्याचे पैसे पहाटेच सुटलेले असतात.

सुरंगी_वळेसर

@कोळ्याची_पोर, हे खरंच माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी न घेण्याची मर्दुमकी मावशींच्या खिशातून करत होते. मग करायचं काय? तिच्याशी बोलायचं तरी काय?

कोळ्याची_पोर

आधी सांगायचं. त्याच दिवशी नाक मुरडून निघून जायचं नाही. "पुढच्या रविवारी मला दोन मोठे हवेत, बारके नकोत, ठेव." असं चार जणींनी सांगितलं की आई धक्क्यावर ढिगाला हात लावताना विचार करते. तिला गिऱ्हाईक पाठ असतं, कुणाला काय लागतं ते. तुम्हाला 'बारकंवाली' म्हणूनच लक्षात ठेवलं असेल तिने, राग मानू नका. तळातून काढून ठेवला ना वाटा?

आणि नेहमी पापलेट-सुरमईच कशाला? बांगडा घ्या, मोठी मांदेली घ्या, जवळा घ्या.

मुरब्याचा_शेजारी

सगळे बारक्या माशावर बोलताय, मोठ्याचं ऐका. ऑगस्ट २०२१ मध्ये आमच्या पालघरच्या मुरब्यातल्या एका बोटीला एका फेरीत १५७ घोळ मिळाली, लिलावात १ कोटी ३३ लाख आले. माशाला नव्हे, पोटातल्या भोताला, म्हणजे हवेच्या पिशवीला. पेपरात, टीव्हीवर, सगळीकडे. तेव्हापासून पोरांच्या डोक्यात तेच, एकदा लागली पाहिजे. गुजरातने तर २०२३ मध्ये घोळीला राज्यमासा केलं. त्या दिवशी आनंद मलाही झाला, पेढे खाल्ले. आता खारेपाटवाल्यांची आजीबाई वाचून वाटतं, ते १५७ म्हणजे अंडी घालायला जमलेला मेळाच असेल तर?

जाळे_आणि_गाळे

घोळीचे थवे जमतात ते बरेचदा त्यासाठीच. पण त्या बोटीला दोष देऊ नका. त्या जागी कुणीही जाळं ओढलंच असतं, मीसुद्धा.

थाळीवाला

अपडेट. गेल्या आठवड्यापासून पापलेट थाळी बंद केली. मेन्यूत 'पापलेट तुकडी' लिहिलंय, मोठ्या माशाची, दोन तुकड्या. पहिल्या दिवशी तीन टेबलं उठून गेली. एका काकांनी विचारलं, डोकं कुठे आहे? म्हटलं कालवणात आहे, वाटीत बघा. ते बसले. बांगडा थाळी मात्र जोरात आहे. किती दिवस निभेल ठाऊक नाही, शेजारच्या खानावळीत अख्खं मिळतंच.

सुरंगी_वळेसर

दोन आठवड्यांनी परत लिहितेय. मावशींना सांगून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "बारकं नको? बरं. मग मोठ्याचा भाव विचारून रडू नको." काल एक पापलेट घेतलं, एकच. चौघांत. लेकीने मोरळीच्या पाटावर नेलपॉलिशने रेघ मारून ठेवली आहे, साडेतेरावर एक गुलाबी, अठरावर एक हिरवी. पापलेट गुलाबीच्या बरंच पुढे गेलं, टाळ्या झाल्या.

पण सोबत बोंबील घेतले होते. ते ठेवले तर हिरवीच्या अलीकडे दोन बोटं. सगळेच. आता?

वलांडी

शेपटी सरळ करून मोजलीत का? बोंबील ओला असतो तेव्हा लोळागोळा होतो, मान-शेपूट ताणून धरावी लागते.

सुरंगी_वळेसर

ताणून धरले. एक तुटला.

वलांडी

मग बारकेच होते. आमच्याकडचेच असतील.